त्या लोकांना कुठे जमणार

प्रभावतीबाईंनी आपल्या लेकीला उभ्या जन्मात कधी फोनवर झापलं नव्हतं. त्या मंगळवारी झापलं, आणि असं झापलं की कार्ल्सरूहेच्या ट्राममध्ये समोर बसलेल्या म्हाताऱ्या जर्मन बाईने पेपर खाली करून बघितलं.

रोहिणी तायडे नेहमीसारखी इन्स्टिट्यूटला निघाली होती. नाशिकहून आईचा फोन म्हणजे आधी "जय भीम, बाळा", मग "जेवलीस का", मग गुडघ्यांची तक्रार, असा ठरलेला क्रम. आज त्यातलं काहीच नाही.

"काय गं, अक्कल गहाण टाकलीस का तिकडे?"

"काय झालं, आई?"

"मलाच विचार, काय झालं! आमच्या रिटायर्ड शिक्षकांच्या ग्रुपवर तुझा व्हिडिओ आलाय. वर हात जोडलेले, झेंडे लावलेले. 'प्रभावतीताई, लेकीचा अभिमान वाटतो' म्हणे. मेक्सिकोतले ते पिरॅमिड तिथल्या लोकांना जमणंच शक्य नव्हतं, आपणच जाऊन बांधून आलो, असं तू म्हणालीस? तू?"

"मी असं कशाला म्हणेन?"

"तुझं तोंड, तुझा आवाज, माझीच निळी साडी! मी अजून आंधळी झाले नाही. बघ आणि मग फोन कर." आणि फोन खाडकन बंद.

रोहिणीने व्हिडिओ लावला. अर्ध्या मिनिटाचा तुकडा. मागे शंखनाद, ढोल. खाली ठळक अक्षरांत 'जर्मनीतील शास्त्रज्ञ मराठी महिलेची कबुली!' आणि मध्ये ती स्वतः, माईक धरून, ठासून सांगतेय: "हो हो, बरोबर आहे तुमचं. त्या लोकांना कुठे जमणार! लोखंड नाही, बैल नाही, गाडीला चाक नाही. माया हा शब्दच आपला, मग पिरॅमिडही आपलेच. आपणच गेलो आणि बांधून आलो!"

तिथे तुकडा संपला. रोहिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण त्यापुढचं वाक्य तिला तोंडपाठ होतं. त्यापुढे ती म्हणाली होती, "आणि तेही एका रात्रीत! सकाळी चहाला परत पुण्यात!" आणि अख्खं सभागृह खो खो हसलं होतं. ते वाक्य गायब. हसणंही गायब. त्या जागी शंख.

हे सगळं कोणाचं काम, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

कार्ल्सरूहेच्या मराठी कट्ट्याचा सर्वेसर्वा म्हणजे चारुदत्त. झिंडेलफिंगेनजवळ गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. माणूस वाईट नाही, असं सगळेच म्हणत आणि ते खोटंही नव्हतं. नवीन आलेल्याला घर शोधून दे, आनमेल्डुंगच्या, म्हणजे पत्ता नोंदवायच्या, ऑफिसात सोबत जा, सगळ्याला हा पुढे. रोहिणीचं वॉशिंग मशीन जिन्यावरून चौथ्या मजल्यावर यानेच दुसऱ्या टोकाला धरून चढवलं होतं, आणि वर पोचल्यावर नुसतं पाणी पिऊन गेला होता. अशा माणसाला नाही म्हणायचं कसं? म्हणून त्याने कट्ट्यावर व्याख्यान मागितलं तेव्हा तिने हो म्हटलं. तिथेच तिचं चुकलं.

आधी पोस्टर आलं. 'प्राचीन पिरॅमिडचं गूढ: मानव, परग्रहवासी की आपले पूर्वज?' आणि त्याखाली तिचा फोटो. तिने तातडीने फोन केला.

"अहो चारुदत्त, माझा विषय चुना आहे. पिरॅमिडवरचा गिलावा कसा केला, एवढंच मी सांगणार आहे."

"ताई, चुना म्हटलं तर माझी बायकोसुद्धा यायची नाही. आल्झो, म्हणजे कसं, पोस्टर फक्त लोकांना दारापर्यंत आणायला. आत तुम्ही काय हवं ते बोला."

लोक आले. चर्चचा हॉल भाड्याने घेतलेला, मागे टेबलावर चारुदत्तच्या बायकोचे, सरितावहिनींचे, बटाटेवडे. रोहिणी मन लावून बोलली. मेक्सिकोतल्या त्या माया लोकांनी चुनखडीच्या भट्ट्या कशा लावल्या ते तिने सांगितलं. आपल्याकडे किल्ल्यांच्या चुन्यात गूळ आणि हिरडा घालून तो बैलाच्या घाण्यात मळत, तसं ते लोक चुन्यात झाडाच्या सालीचा रस घालत आणि त्याने गिलावा इतका चिवट होई की हजार वर्षं पावसात टिकला. पिरॅमिड एकदा बांधून संपत नसे. पणजोबाने बांधलेल्यावर पणतू नवा चढवी, आणि आतला जुना तसाच झाकलेला राही. "यात गूढ भरपूर आहे," ती म्हणाली होती. "आम्हाला अजून साल कुठल्या झाडाची ते कळलेलं नाही. काही शहरं सोडून लोक का गेले, त्यावर तर भांडणंच चालतात. पण बांधलं कोणी, हे गूढ नाही. तिथेच राहणाऱ्यांनी बांधलं. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही तिथेच राहतात, तीच भाषा बोलतात."

टाळ्या झाल्या. मग प्रश्न. पहिला हात चारुदत्तचा.

"माया हा शब्दच मुळी आपला. हा काय योगायोग म्हणायचा?"

"योगायोगच. आपला शिंपीसुद्धा शिवणीत माया सोडतो. म्हणून काही पिरॅमिड शिंप्यांनी बांधले नाहीत."

हशा झाला. पण चारुदत्त कसला बसतो? "ते ठीक. पण लोखंड नाही, ओढायला बैल नाहीत, चाकाची गाडी नाही. मग जमलं कसं?"

तिने पुन्हा समजावलं. दगडाने दगड घडवता येतो, माणसं ओझी वाहू शकतात, पिढ्यान्‌पिढ्या वेळ होता. त्याने मान डोलावली आणि परत उभा राहिला. "ते सगळं खरं, पण मला नाही पटत. मी इंजिनियर माणूस आहे. त्या लोकांना हे जमणं शक्यच नाही."

त्या लोकांना! रोहिणीच्या डोक्यात सणक गेली ती या दोन शब्दांनी. ते तिने लहानपणापासून आपल्याच माणसांबद्दल ऐकलेले. शाळेची सहल नाशिकच्या लेण्यांवर गेली तेव्हा सरांनी सांगितलं होतं, ही लेणी देवांनी एका रात्रीत कोरली. घरी येऊन तिने ते आईला सांगितलं, तर प्रभावतीबाई दुसऱ्याच रविवारी तिला घेऊन परत डोंगर चढल्या. भिंतीवरच्या अक्षरांसमोर उभं करून म्हणाल्या, हे बघ, इथे दान देणाऱ्यांची नावं कोरलीत. यात एक कोळी आहे, एक लेखनिक आहे. माणसं आहेत ही. माणसांनी पदरचे पैसे घातले, माणसांनी छिन्नी चालवली. देवाला काय पडलंय कोळ्याचं नाव कोरायचं? त्या दिवसापासून 'एका रात्रीत' ऐकलं की रोहिणीचं टाळकं फिरे. ज्याने हात झिजवले त्याचं नाव पुसायचं आणि वर चमत्कार म्हणून हात जोडायचे. ही कसली भक्ती? ही चोरी आहे.

आणि टाळकं फिरलं की ती सरळ भांडत नसे, तायडेंच्या घरातल्या सगळ्यांसारखी टोमणा मारी. म्हणून ती तोंडभर हसून म्हणाली होती, "हो हो, बरोबर आहे तुमचं..."

हॉलमधल्या शेंबड्या पोरालाही कळलं होतं की बाई उपरोधाने बोलतेय. पण उपरोध शेपटीत असतो, आणि चारुदत्तने नेमकी शेपूट कापली होती.

इन्स्टिट्यूटमध्ये पोचली तर किचनमध्ये लिहिया बसलेली. समोर कॉफी, तिला हातही लावलेला नाही. बाजूला फोन पालथा ठेवलेला.

लिहिया काउइच ही मेक्सिकोतल्या युकातानची. स्वतः माया. नाव लिहायचं लिगिया आणि म्हणायचं लिहिया. रोहिणीने पहिल्याच दिवशी तिला सांगितलं होतं की आमच्या भाषेत याचा अर्थ 'चल, लिहू या' असाच लागतो. आणि खरंच दोघी तीन वर्षं मिळून लिहीत होत्या. लिहियाच्या गावाबाहेर झाडीत एक पिरॅमिड आहे, कोणी पर्यटक जात नाही असा. त्याच्या पडलेल्या गिलाव्याचे कपचे दोघींनी इथे आणून तपासले होते. झाड जवळपास सापडलं होतं. आता पिरॅमिडच्या आतल्या, झाकलेल्या थरातला चुना मिळाला की पक्कं होणार होतं. त्यासाठी गावाची परवानगी हवी होती. येत्या रविवारी गावाची सभा होती. गाव हो म्हणालं तर तीन वर्षांचं काम तडीला जाणार, आणि गावातल्या शाळेशेजारी छोटं संग्रहालय होतंय त्याच्या फलकावर दोघींची नावं लागणार. नाही म्हणालं तर सगळं पाण्यात.

"ही तूच आहेस?" लिहियाने फोन उलटा केला. तिच्या चुलतभावाने तिकडून पाठवला होता. खाली यंत्राने केलेलं स्पॅनिश भाषांतर: 'तसल्या माणसांना ते कधीच जमलं नसतं. आम्ही जाऊन बांधलं.' यंत्राला टोमणा कळत नाही. त्याने शब्द उचलले आणि मांडले.

"मीच आहे. पण मी चिडून उलटं बोलत होते गं! पुढचं वाक्य कापलंय त्यांनी. आमच्याकडे राग आला की असंच बोलतात."

"उलटं."

"हो."

"मग सरळ कधी बोलता?"

दोघी नेहमी जर्मनमध्ये बोलत, मध्येच अडलं की स्पॅनिशमध्ये. आत्ता रोहिणी दोन्ही भाषांत शब्द शोधत समोरची खुर्ची ओढून बसली.

"तू ते म्हणालीस तेव्हा लोक हसले होते?"

"हो. म्हणजे, त्यांना कळलं होतं ना."

"कशाला हसले? त्या माणसाला की आम्हाला?"

"त्यालाच! म्हणजे... मला वाटलं, त्यालाच."

लिहिया उठली, कॉफी सिंकमध्ये ओतली. "माझा विश्वास आहे तुझ्यावर. पण हे वाक्य मी शाळेपासून ऐकतेय. आमच्याच राज्यात, आमच्याच पिरॅमिडसमोर, तिकीट फाडणाऱ्या गाइडकडून. त्यांच्या आवाजात राग नसतो, तुझ्या आवाजात होता, एवढाच फरक. गावाला मराठी येत नाही, रोहिणी. पूर्ण रेकॉर्डिंग आण. लोकांचं हसणं ऐकू दे त्यांना."

संध्याकाळी रोहिणी चारुदत्तच्या दारात उभी होती. टेर्मिन, म्हणजे आधी ठरवलेली वेळ, न घेता, फोनही न करता. दार त्यानेच उघडलं.

"या या या, सेलिब्रिटी! सरिता, कोण आलंय बघ! ताई, दोन लाखांच्या वर गेलाय व्हिडिओ. कट्ट्याचं नाव पार न्यू जर्सीपर्यंत पोचलं!"

"पूर्ण रेकॉर्डिंग कुठे आहे?"

"बसा तरी. चहा?"

"चहा घशाखाली उतरणार नाही माझ्या. पूर्ण रेकॉर्डिंग द्या."

"ते कुठलं आता? मोठी फाइल होती, फोन भरला होता. कापून झाल्यावर डिलीट केली."

डिलीट केली! जसं भाजीचं देठ काढून टाकावं. रोहिणीने खुर्चीची पाठ घट्ट धरली, नाहीतर हातून काय झालं असतं सांगता येत नाही.

"चारुदत्त, एकच विचारते. मी टोमणा मारत होते, हे तुम्हाला कळलं नव्हतं?"

उत्तर दिलं ते स्वयंपाकघराच्या दारातून सरितावहिनींनी. "न कळायला काय झालं? मी म्हटलं होतं यांना. अहो, त्या तुम्हाला टोचून बोलतायत, आणि तुम्ही काय खुशाल लावताय, असं म्हटलं होतं."

"तू मध्ये बोलू नकोस गं." तो रोहिणीकडे वळला. "कळलं होतं हो. पण ताई, वाक्य तर तुमचंच ना? मी एक शब्द घातला नाही पदरचा. आणि लोकांना आवडलं. आपल्या पूर्वजांबद्दल चार चांगले शब्द ऐकले तर बिघडलं काय?"

"बिघडलं काय? रविवारी ज्या गावाने मला परवानगी द्यायची, त्या गावाने तो व्हिडिओ बघितलाय. माझी तीन वर्षं तुम्ही मातीत घातलीत! आणि ती माणसं? त्यांनी घाम गाळून बांधलेलं तुम्ही सोफ्यावर बसून लाटताय!"

"अहो, हजार वर्षांपूर्वी मेलेल्या गवंड्यांसाठी किती जीव काढता! नावाचं एवढं काय असतं?"

नावाचं एवढं काय असतं. हे चारुदत्त म्हणाला. हाच चारुदत्त, ज्याने गेली दोन वर्षं कट्ट्यावर येईल त्याला धरून सांगितलं होतं की सीट सरकवायच्या खटक्याचं डिझाइन पूर्ण त्याचं, आणि पेटंटवर नाव लागलं ते त्याच्या जर्मन साहेबाचं. रोहिणीनेसुद्धा ती कहाणी वडा गार होईपर्यंत ऐकली होती. ऐकताना तिला खरोखर वाईट वाटलं होतं. आता मात्र तिने मागचापुढचा विचार केला नाही.

"हो ना, नावाचं काय! तो खटकासुद्धा साहेबानेच केला असणार. तुम्हाला कुठे जमणार हो!"

चारुदत्तचा चेहरा लाल झाला, मग पांढरा पडला. "तोंड सांभाळून बोला! रात्र-रात्र बसून केलंय मी ते! माझ्या हाताने ड्रॉइंग काढलंय!"

"मग मी काय वेगळं म्हणतेय? बघा, एवढंसं वाक्य. लागलं ना?"

सरितावहिनींनी टेबलावरचा फोन उचलला आणि नवऱ्यासमोर धरला. चारुदत्तने घेतला. दोघींच्या देखत त्याने व्हिडिओ काढून टाकला. रोहिणी आभार न मानता निघाली, आणि ट्रामच्या थांब्यापर्यंत जाताना तिला स्वतःचाही राग येत होता. तोच टोमणा, तीच सवय. जिंकल्यासारखं वाटायचं आणि हाती काही लागायचं नाही.

लागलंच नाही. व्हिडिओची पिल्लं तोवर जगभर पसरली होती. आणि दुसऱ्या दिवशी चारुदत्तने, चांगल्या मनाने म्हणे, खुलासा टाकला: 'काही मंडळींच्या भावना दुखावल्यामुळे सदर व्हिडिओ मागे घेण्यात येत आहे.' झालं! लोकांना हेच हवं होतं. 'सत्य दडपलं!' 'जर्मन इन्स्टिट्यूटचा मराठी शास्त्रज्ञ महिलेवर दबाव!' आता तो तुकडा दुप्पट वेगाने फिरायला लागला. कोणीतरी तर तिच्या सुटकेसाठी सह्या गोळा करायला घेतल्या. सुटका कशातून, हे त्यालाच ठाऊक.

हॉलमध्ये त्या दिवशी आलेल्या सगळ्यांना तिने मेसेज केले. कोणाकडे आहे का रेकॉर्डिंग? नव्हतं. एका गृहस्थांकडे वड्यांचे फोटो होते.

रविवार उजाडला. इकडे दुपार ढळली होती, तिकडे सकाळ. इन्स्टिट्यूटच्या रिकाम्या खोलीत लिहिया आणि रोहिणी स्क्रीनसमोर बसल्या. पलीकडे शाळेचं आवार, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मागे कोंबडा आरवत होता. अध्यक्ष म्हणून एक साठीची बाई होती, दोन्या एलोइसा (दोन्या म्हणजे आपल्याकडच्या 'बाई'), भरतकामाचा पांढरा झगा घातलेली. लिहिया तिच्या आत्याच्या वयाच्या या बाईला घाबरून असायची.

रोहिणी यावेळी सरळ बोलली. मी हे शब्द बोलले. थट्टा करायला बोलले. ज्याची थट्टा करायची त्याने ते कापून खऱ्यासारखे दाखवले. माझा विश्वास याच्या अगदी उलट आहे आणि माझं तीन वर्षांचं काम त्याचाच पुरावा आहे. मी तुमची माफी मागते. लिहियाने एकेक वाक्य त्यांच्या माया भाषेत सांगितलं. सांगताना तिचा आवाज चढला, तिने स्वतःचंही बरंच काही घातलं असावं, कारण रोहिणीचं एक वाक्य तिकडे पाच वाक्यांचं होत होतं.

खुर्च्यांमध्ये कुजबुज झाली. मग दोन्या एलोइसा बोलायला लागल्या. शांतपणे, हात मांडीवर ठेवून.

"पोरी, तू खरं बोलतेस असं मला वाटतं. लिहिया खोट्या माणसासाठी एवढं भांडणार नाही. पण ऐक. फलकावर तुझं नाव लागणार. शाळेतली मुलं ते वाचणार आणि फोनवर शोधणार, आजकाल मुलं सगळं शोधतात. त्यांना काय सापडेल?"

लिहियाने एवढं भाषांतर करून सांगितलं.

"तेच सापडेल. तुझा चेहरा, आणि तुमच्या आजोबा-पणजोबांना हे जमलं नसतं, हे वाक्य. तिथे तू खुलासा करायला असणार नाहीस. चुना घ्या. काम पूर्ण करा, ते आम्हालाही हवंय. पण तुझं नाव त्यावर नको. फलकावर नको, लेखात नको, कुठेच नको."

हे शेवटचं लिहियाने भाषांतर केलंच नाही. ती एकदम उठून उभी राहिली आणि स्क्रीनकडे बघून तडातडा बोलायला लागली. रोहिणीला माया येत नव्हती, पण थोडंफार स्पॅनिश मिसळलेलं होतं, त्यावरून तिला सगळं समजलं. तिने लिहियाचा हात ओढला.

"हो म्हण त्यांना."

"वेड लागलंय का तुला? अर्धं काम तुझं आहे. सालीचा माग तूच काढलास! मी नाही हो म्हणणार."

"आपण नाही म्हटलं तर ते झाड कोणालाच कळणार नाही, आणि तो गाइड आणखी शंभर वर्षं तेच बरळत राहील. त्यांचं चुकत नाहीये, लिहिया. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं. हो म्हण."

लिहिया रडत रडत हो म्हणाली. रोहिणीला रडू आलं नाही. तिच्या अंगात नुसता संताप भरून राहिला होता आणि तो काढायला समोर कोणी नव्हतं. गावावर रागवायचं? त्यांनी तर न्याय केला. लिहियावर? छे. रात्री आईला फोन केला आणि सगळं सांगितलं. प्रभावतीबाई म्हणाल्या, "तुझी काही चूक नाही गं." रोहिणीला ते झापण्यापेक्षा जड गेलं.

पुढच्या उन्हाळ्यात काम झालं. लिहिया गावी गेली, आतल्या थरातला चुना घेऊन आली, आणि तपासणी इथे कार्ल्सरूहेत रोहिणीनेच केली. झाड सापडलं. गावाच्या मागेच उभं असणारं, लिहियाच्या आईच्या अंगणातसुद्धा असलेलं झाड. लेख छापून आला लिहियाच्या नावावर, दोघींच्या विभागप्रमुख प्रोफेसरबाईंच्या नावासकट. इथल्या पेपरात अर्धं पान बातमी आली, लिहियाचा फोटो मोठा. तिने पत्रकाराला दोनदा सांगितलं होतं की एक सहकारी होती, जिचं नाव मला घेता येत नाही. पत्रकाराने ते वाक्य गाळलं. जागा नव्हती म्हणे.

बातमी आली त्याच दिवशी, ऑफिस सुटायच्या वेळी फोन वाजला. चारुदत्त. वर्षभरात पहिल्यांदा.

"ताई! पेपर बघितला. हे तर तुमचं काम! कट्ट्यावर तुम्ही हेच सांगितलं होतं, चुना, साल, सगळं हेच. तुमचं नाव कुठाय?"

"नाही."

"नाही म्हणजे? अहो, हा सरळसरळ अन्याय आहे! मला माहितीये हे कसं वाटतं, गेनाऊ, अगदी हेच माझ्यासोबत झालंय. आपण राबायचं आणि नाव दुसऱ्याचं. हे गोरे लोक..."

"लिहिया गोरी नाही."

"तेच ते हो. मी गप्प बसणार नाही. आपण व्हिडिओ करू. मागचा जसा चालला तसाच हा चालेल, बघाच तुम्ही. शीर्षकही सुचलंय मला: 'मराठी संशोधिकेचं नाव कोणी पुसलं?' तुम्ही फक्त दोन मिनिटं बोला."

त्याच्या आवाजात खोट नव्हती. तेच तर भयंकर होतं. माणूस खरोखर कळवळून बोलत होता, तिच्यासाठी भांडायला कंबर कसून उभा होता. रोहिणीच्या जिभेवर एकाहून एक टोमणे येऊन उभे राहिले. वा, काय कल्पना आहे. तुमच्यासारखा पाठीराखा असल्यावर काय हवं. लगेच करू, शंख आहे ना तयार? एकेक जण ढुशा देत होता बाहेर पडायला. तिने सगळे गिळले. चवीला कडू लागले.

"चारुदत्त, माझं नाव तुम्ही पुसलंत," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणीच नाही. तुम्ही माझं वाक्य कापलंत, ते त्या गावाने बघितलं, आणि म्हणून त्यांनी माझं नाव काढायला लावलं. माझ्या चार वर्षांच्या कामावर माझं नाव नाही, आणि ते तुमच्यामुळे नाही."

पलीकडून एक अवघडलेलं हसू ऐकू आलं, व्याख्यानाच्या दिवशी हॉलमध्ये हसलेल्या लोकांसारखंच, पुढचं वाक्य कधी येतंय याची वाट बघणारं.

"ताई... तुम्ही टोमणा मारताय ना?"

"नाही," रोहिणी म्हणाली.